लाइट सेन्सरपेक्षा सोलर सेल बरा

वर्गातल्या प्रयोगात दिव्याची लुकलुक (उजेडाचं झपाट्याने कमी-जास्त होणं) फोनच्या लाइट सेन्सरने मोजा, असं सुचवलं जातं, पण तो सेकंदाला जेमतेम काही वाचनं देतो. दिव्याची 100 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 वेळा होणारी लुकलुक त्याच्या हाती लागणार नाही.

आम्ही अकरावीला बागेतल्या जुन्या सोलर दिव्याचा सेल काढून थेट ऑक्स केबलला (स्पीकरच्या ऑडिओ इनपुटची वायर) जोडला आणि स्पीकर लावला. खिडकीतल्या उन्हात शांतता, पिवळ्या बल्बखाली मंद गुणगुण, आणि स्वस्तातल्या एलईडीखाली असा कर्कश घों आवाज की मागच्या बाकावरची पोरंही जागी झाली! फोनवरच्या फायफॉक्स या प्रयोगांच्या ॲपवर आवाजाच्या आलेखात 100 हर्ट्झचा सुळका दिसला. लगेच प्रश्न आला, वीज 50 हर्ट्झची मग 100 कसे? एका आवर्तनात शक्तीची शिखरं दोन, दिशा कुठलीही असो. हे फळ्यावर सांगून पटत नाही, ऐकून पटतं. (छोट्या स्पीकरवर 100 दबतो, 200 आणि 300 उठून दिसतात, गोंधळू नका.)

मात्र ऑडिओ इनपुट स्थिर भाग गाळून टाकतो, त्यामुळे यातून लुकलुकीची वारंवारता मिळते, उजेड किती टक्के कमी-जास्त होतो ते नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप डीसी कपलिंगवर (स्थिर भागही दाखवणारी सेटिंग) ठेवा, सेलला समांतर लहान रोध लावा आणि (कमाल − किमान) भागिले (कमाल + किमान) काढा.