मदत हवी आहे: ‘फक्त जीपीएल आवृत्ती २’ परवाना असलेल्या एका फाइलीचे काय करावे?

आमचा शुद्धलेखन-तपासणीचा मुक्तस्रोत प्रकल्प ‘जीपीएल आवृत्ती २ किंवा त्यानंतरची’ या परवान्याखाली (जीपीएल म्हणजे बदललेला कोडही त्याच अटींवर वाटावा लागणारा मुक्त परवाना) असून त्यात अपाची २.० या दुसऱ्या मुक्त परवान्याची एक लायब्ररी (तयार कोडचा संच) थेट जोडायची आहे. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते पेटंटविषयक अटींमुळे अपाची २.० जीपीएल २ शी जुळत नाही, ३ शी जुळते. म्हणून वितरण आवृत्ती ३ खाली नेण्याचे ठरले. मात्र फाइलींचे मथळे (सुरुवातीच्या परवान्याच्या नोंदी) एकेक करून वाचताना (हे आधीच करायला हवे होते) दोन जुन्या फाइलींत ‘फक्त आवृत्ती २’ असे आढळले, म्हणजे त्या लेखकांच्या संमतीशिवाय आवृत्ती ३ खाली नेता येत नाहीत. एका लेखकाने लेखी संमती दिली, दुसऱ्यांना पाठवलेले मेल परत आले. लायब्ररीला पर्याय नाही. या दुसऱ्या लेखकाची ती ४०० ओळींची फाइल, जुना कोड न वाचलेल्या सहकाऱ्याकडून, केवळ चाचण्यांच्या आधारे नव्याने लिहून घेणे पुरेसे ठरेल, की तो भाग स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवणे अधिक सुरक्षित?