शिडी पडली तरी दचकले नाही, आणि रात्री फोन थरथरला की छाती धडधडते. असं का?

कोरीपाटी:
नमस्कार. वय ४१. नैराश्याचं निदान होऊन सात महिने झाले, गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही चालू आहे. औषधांबद्दल सल्ला नकोय, माझ्या डोक्यात काय चाललंय ते समजून घ्यायचंय.

परवा दुपारी माझ्या पाठीमागे भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी सरकून फरशीवर पडली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माझा मुलगा जागेवर उडाला. मी नुसती मान वळवून पाहिलं. तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिला, ती नजर मला त्या आवाजापेक्षा जास्त लागली. आणि हीच मी, रात्री दोनला फोन थरथरला तरी ताडकन उठून बसते. अर्धा अर्धा तास धडधड थांबत नाही.

दुसरं. समुपदेशक मॅडमनी प्रसंगाकडे वेगळ्या अर्थानं बघायचा सराव दिलाय. वहीत लिहून करते, मनापासून करते. पण जितका जोर लावावा तितकं आतलं ढवळून निघतं. जाऊबाई म्हणतात, मनाला आवर घाल, सगळं आपल्याच हातात असतं. खरंच असतं का?

पापणी:
ताई, मी सहा वर्षं एका प्रयोगशाळेत नेमकं हेच मोजायचं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

दचकण्याची वाट फार आखूड असते. कानात शिरलेला संदेश मेंदूच्या बुडाशी असलेल्या ब्रेनस्टेममधल्या मोजक्या चेतापेशींतून थेट स्नायूंकडे जातो. साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत पापणी मिटायला लागते. "शिडी पडली" हा विचार बराच मागून येतो. डार्विननं हे स्वतःवर करून पाहिलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या जाड काचेला त्यानं चेहरा लावला आणि काही झालं तरी मागे सरायचं नाही असं ठरवलं. सापानं झेप घेतली आणि तो यार्ड-दोन यार्ड मागे उडाला. काच मधे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा दचकणं किंवा न दचकणं तुमच्या हातात नव्हतं. मुलाला हे जरूर सांगा.

मात्र ही क्रिया किती जोरात व्हावी, हे मेंदूच्या वरच्या भागांकडून ठरतं. मायकेल डेव्हिस या संशोधकांनी उंदरांवर केलेलं काम आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. दिवा लागला की झटका बसतो हे शिकलेला उंदीर दिव्याच्या उजेडात जास्त दचकतो. अमिग्डलाचा, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या छोट्या भागाचा, मध्यवर्ती भाग निकामी केला की ही वाढ जाते, पण मूळ दचकणं शिल्लक राहतं. म्हणजे दचकण्याची वाट वेगळी, आणि तिचा आवाज वाढवणारं बटण वेगळं.

माणसांत हे बटण चित्रांनी फिरवतात. डोळ्याखाली दोन छोटे इलेक्ट्रोड, कानावर हेडफोन, समोर पडदा. दात विचकलेला कुत्रा, साधी खुर्ची, हसणारं बाळ अशी चित्रं येत राहतात आणि मधेच कानात क्षणभर मोठी खरखर वाजते. पीटर लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं की नकोशा चित्रावर पापणी जास्त जोरात मिटते आणि आवडत्या चित्रावर कमी. नैराश्यात ही चढण अनेकदा सपाट होते. कुत्रा असो, बाळ असो, पापणी जवळपास सारखीच. असा आलेख पहिल्यांदा पडद्यावर पाहिला तेव्हा मला कसंतरीच झालं होतं. समोरच्या बाई मन लावून चित्रं बघत होत्या. आम्ही सांगितलेलं एकूण एक करत होत्या.

तुमच्या एका शिडीवरून मी निदान करणार नाही. त्या क्षणी लक्ष कुठे होतं, झोप किती झाली होती, यानंही फरक पडतो. आणि रात्रीचं गणित निराळं आहे. माणूस नुसत्या अंधारातही जास्त दचकतो. १९९७मध्ये हे मोजलं गेलंय. निशाचर उंदरांचं उलट, ते लख्ख उजेडात जास्त दचकतात. नैराश्याबरोबर चिंताही असली तर शरीर रात्री पहाऱ्यावर बसल्यासारखं राहतं. ही धडधड डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिच्यावर वेगळा इलाज असतो.

उंबरठा:
माझ्या बायकोला तीन वर्षं नैराश्य होतं. मला नोकरीत बढती मिळाली तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. वरचं ते "बाळ असो, कुत्रा असो" वाचून आज तिच्यापाशी जाऊन बसलो. ताई, तुमचा मुलगा घाबरला असेल, दुखावला नसेल. त्याच्याशी बोला.

कोरीपाटी:
पापणीताई, दोनदा वाचलं. पण वहीचं काय? चुकतंय का माझं? की बंदच करू?

पापणी:
बंद करू नका. आणि तुमचं चुकतही नाहीये.

२००७मध्ये जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये क्लेशकारक चित्रं दाखवली आणि त्यांचा अर्थ बदलून पाहायला सांगितलं. निरोगी लोकांत प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा, म्हणजे कपाळामागच्या मेंदूचा, आतला-खालचा भाग सरसावला की अमिग्डला शांत होत होता. नैराश्य असलेल्यांतही प्रीफ्रंटल भाग राबत होता, उलट दोन्ही बाजूंनी राबत होता. पण त्यांच्यात जोर वाढला की अमिग्डलाही चढत होता. तुम्ही लिहिलंत "जोर लावावा तितकं ढवळतं", ते वाचून मला हाच आलेख आठवला. मेहनत होतेय, ती खालपर्यंत पोचत नाहीये. आळस किंवा कमकुवत मन हा शब्द इथे कुणी वापरला तर मला राग येतो.

जाऊबाईंच्या "आवर घाल"बद्दल मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांचे प्रयोग आहेत. चेहऱ्यावर काही दिसू न देता चित्रफीत बघायला सांगितलं, तेव्हा लोकांचे चेहरे निर्विकार झाले, पण आतला किळस तेवढाच राहिला आणि शरीरावरचा ताण वाढला. भावना पूर्ण उसळल्यावर तिला दाबणं हे सगळ्यात महागडं काम. जितकं अलीकडे अडवाल तितकं सोपं: प्रसंग निवडताना, लक्ष कुठे द्यायचं ते ठरवताना, अर्थ लावताना.

म्हणून मॅडमना हे दोन विचारा. सराव किरकोळ प्रसंगांवर सुरू करता येईल का, दहापैकी तीनच्या त्रासाचे? आणि तुम्ही वही कधी लिहिता?

कोरीपाटी:
रात्री. सगळे झोपल्यावर, दिवसातला सगळ्यात वाईट प्रसंग घेऊन. लिहितानाच लक्षात आलं.

गुरुवारी मॅडमकडे जायचंय, तेव्हा सकाळची वेळ आणि लहान प्रसंग, दोन्ही विचारते. धडधडीचं डॉक्टरांना आजच कळवलंय.

मुलाला जवळ बसवून सापाची गोष्ट सांगितली. आवाज मलाही आला होता, एवढंच म्हटलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग उठून भिंतीपाशी गेला, काचेला नाक लावल्यासारखं उभं राहिला आणि मागे उडी मारून पावलांनी अंतर मोजलं. पावणेदोन यार्ड भरलं म्हणाला.