डीसीएफ (पुढे येणाऱ्या रोकडीवरून कंपनीची आजची किंमत काढणं) करताना एफसीएफएफ (कर्ज देणारे आणि भागधारक, दोघांसाठी उरणारी रोकड) घ्यायचं की एफसीएफई (फक्त भागधारकांसाठी उरणारी)?

प्रश्न: एक्सेलमध्ये पहिल्यांदाच डीसीएफ मांडतोय. एक ऑटो पार्ट्सवाली कंपनी आहे, चार वर्षांत कर्ज निम्म्यावर आणलंय, आणि दुसरी एक खासगी बँक. दोन्हीला एकच शीट लावली तर बँकेचं उत्तर निगेटिव्ह येतंय राव, कुठे चुकतंय?

चहाबाज: बँकेला एफसीएफएफ लावूच नकोस. ठेवी म्हणजे तिचा कच्चा माल, ते कर्ज म्हणून बाजूला काढलंस की उरतं काय? तिथे डिव्हिडंड मॉडेल (पुढच्या लाभांशांवरून किंमत) घे नाहीतर एक्सेस रिटर्न (भागधारकांच्या अपेक्षेपेक्षा जास्त मिळालेल्या परताव्यावरून किंमत). ऑटोवालीचं कर्ज दरवर्षी बदलतंय ना, मग एफसीएफईमध्ये परतफेडीमुळे आकडे उगाच वरखाली होतात, त्यापेक्षा एफसीएफएफ काढ, डब्ल्यूएसीसीने (कर्ज आणि भागभांडवल दोन्हींच्या खर्चाची भारित सरासरी) डिस्काउंट कर आणि शेवटी निव्वळ कर्ज वजा कर.

जुना_खेळाडू: +१. आणि एफसीएफएफला कॉस्ट ऑफ इक्विटी (फक्त भागधारकांना हवा असलेला परतावा) लावू नकोस, मी केलंय ते, दर जास्त लागून किंमत कमी आली आणि दोन महिने शेअर महाग समजून बसलो होतो 😅

चहाबाज: टर्मिनल ग्रोथ (अंदाजाची वर्षं संपल्यावर कायमची धरलेली वाढ) जपून धर बाबा. समज फ्री कॅश फ्लो १०० कोटी, डिस्काउंट रेट १२%, ग्रोथ ५% धरलीस तर पुढच्या वर्षाचे १०५ भागिले ०.०७ (१२% वजा ५%) म्हणजे १५०० कोटी, तीच ७% केलीस की १०७ भागिले ०.०५, थेट २१४०! दोन टक्क्यांत ६४० कोटी हवेतून आले.

प्रश्नकर्ता: अरेच्चा, मी ८% धरली होती 🙈 बदलतो.