आफ्रिकन व्हायोलेट : पानांवर पिवळी वेटोळी, सात महिन्यांत कळी नाही. मदत हवी आहे (सातारा)

कंदीपेढा (११ जानेवारी)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या मे महिन्यात पाचगणीहून उतरताना रस्त्याकडेच्या नर्सरीतून आफ्रिकन व्हायोलेटच्या तीन कुंड्या घेतल्या. दोन जांभळ्या, एक पांढरी. तिन्ही फुलांनी नुसत्या भरलेल्या. आईला ती मखमली पानं इतकी आवडली की घर येईपर्यंत पांढरी कुंडी मांडीवरून खाली ठेवली नाही. जूनअखेर फुलं संपली आणि तेव्हापासून कळी म्हणून नाही.

आता तक्रारी. एका जांभळीच्या पानांवर पिवळट पांढरी वेटोळी उमटलीत, कुणी ओलं बोट फिरवून रेघोट्या माराव्यात तशी. पानं उलटून भिंगातून बघितली, कीड दिसत नाही. दुकानदारानं बुरशीचं औषध दिलं, दोनदा फवारलं, फरक शून्य. दुसऱ्या जांभळीवरही थोडे डाग आहेत, पण तिचे देठ लांबच लांब झालेत आणि पानं कुंडीच्या कडेवरून लोंबतायत. पांढरी मात्र परवापासून मान टाकून बसलीय, तेही माती ओली असताना. आई म्हणते तहानलीय, पाणी घाल. मी म्हणते थांब. घरात दोन पक्ष पडलेत.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. या दिवसांत किल्ल्याची सावली हटून ऊन यायला साडेनऊ होतात. कुंड्या हॉलमध्ये टीपॉयवर, खिडकीपासून सात-आठ फुटांवर. माती नर्सरीतलीच, लाल माती आणि शेणखत असावं. पाणी रोज सकाळी आई घालते. तुळशीला घालून तांब्यात उरेल ते यांना.

बोन्सायबुवा

घरात कोंडलीत हो बिचारी. गच्चीवर न्या, चार तास ऊन दाखवा, वर शेणखताचा थर द्या. आमच्या जास्वंदीला असंच झालं होतं, महिन्यात लाल झाली.

शेवाळ

बुवा, जास्वंदीचा न्याय इथे नको. गच्चीवरच्या उन्हात ही पानं एका दुपारीत करपतील.

कंदीपेढा, आधी पांढरीचं बघा, तिथे घाई आहे. पाणी आजपासून बंद. झाड कुंडीतून हलक्या हातानं उपडं करा. मुळं पांढरट आणि टणक असतील तर आशा आहे. तपकिरी, बुळबुळीत होऊन हातात सुटून येत असतील तर कुजलीत. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतलं झाड तहानेनं मान टाकतं. म्हणजे तुमच्या आई अर्ध्या बरोबर आहेत. झाड तहानलेलंच आहे, फक्त पाणी घालून ती तहान भागायची नाही.

आणि एक सांगा. तांब्यातलं पाणी कुठलं असतं? ते पानांवर पडतं का?

कंदीपेढा

ताई, पाणी गच्चीवरच्या टाकीचं. सकाळी सहाला आई नळाखाली तांब्या धरते तेव्हा बोटं बधिर होतात, इतकं गार. आणि पानांवर पडतं का म्हणजे काय, वरूनच पडतं. देवाला अभिषेक घालावा तसं.

पांढरी उपडी केली. मुळं म्हणजे उकळून टाकलेला चहाचा चोथा, वाससुद्धा येतोय. मधला कोंब काळा पडलाय, बोट लावलं तर आत गेलं. कडेची पाच-सहा पानं अजून बरी आहेत. आई माझ्यामागे उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. मलाच वाईट वाटलं.

शेवाळ

कोंब गेला म्हणजे ते झाड गेलं, पण ती पानं टाकू नका, त्यांच्याकडे येतेच.

वेटोळ्यांचं उत्तर तुम्हीच दिलंत. तो रोग नाही, गार पाण्याचा चटका आहे. खोलीच्या उबेत असलेल्या पानावर थंड पाणी पडलं की त्या जागच्या पेशी मरतात आणि हिरवेपणा जातो. थेंब जसा ओघळला तशीच रेघ उमटते, म्हणून बोट फिरवल्यासारखी दिसते. औषधानं फरक पडणार नाही आणि ते डाग आता जाणारही नाहीत, नवी पानं मात्र स्वच्छ येतील. पाणी रात्री घरात भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी तेच वापरा. पानांवर नको, आणि मधल्या कोंबात तर मुळीच नको.

हे झाड मूळचं कुठलं ते कळलं की निम्मी काळजी आपोआप सुचते. टांझानियातल्या उसांबारा डोंगरातलं आहे हे. १८९२ साली तिथल्या फॉन सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याला ते दिसलं, त्यानं जर्मनीला वडिलांकडे पाठवलं आणि पुढच्या वर्षी हेरमान वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याच्यावरूनच सेंटपॉलिया असं नाव दिलं. (अलीकडे शास्त्रज्ञांनी ते स्ट्रेप्टोकार्पस नावाच्या प्रजातीत हलवलंय. खऱ्या व्हायोलेटशी याचं काही नातं नाही.) उसांबारा विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. दिवस बारा तासांचा, वर्षभर. झाडांच्या सावलीत शेवाळलेल्या खडकांवर, चिमूटभर मातीत हे वाढतं. हवा दमट, पण मुळाशी पाणी तुंबायला जागाच नाही. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात पाझरत्या कातळावर निळ्या फुलांचं रिंकोग्लॉसम उगवतं ना, ते याच्याच कुळातलं. कासला जाताना नजर सगळी पठाराच्या फुलांवर असते, रस्त्याकडेच्या ओल्या कातळाकडे कुणी वळून बघत नाही.

आता तुमच्या घरातलं बघा. लाल माती न् शेणखत म्हणजे याच्यासाठी चिखल. एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे), थोडं गांडूळखत, बास. कुंडी लहान हवी, झाडाच्या पसाऱ्याच्या एक तृतीयांश रुंदीची. मोठी दिली की माती ओली राहते आणि झाड फुलायचं सोडून मुळं पसरत बसतं. लांब देठ आणि फुलं नाहीत याचं कारण एकच, उजेड कमी. खिडकीपासून आठ फुटांवर आपल्याला पेपर वाचता येतो, पण झाडाचं पोट भरत नाही. पूर्वेची खिडकी असेल तर थेट काठावर ठेवा. तुमच्याकडे किल्ला आडवा येतोय, तेव्हा साधी पांढरी एलईडी ट्यूब पानांपासून फूटभर वर, रोज बारा तास. रात्री बंद करा, अंधारही लागतो.

फूल पानाच्या बेचक्यातून येतं आणि एका बेचक्यातून सहसा एकदाच. नवी पानं नाहीत तर फुलंही नाहीत. आज उजेड दिलात तरी कळीला दोन-तीन महिने धरा.

भडंगप्रेमी_सांगली

शेवाळताईंना +१. आमच्या सांगलीत थंडीपेक्षा बोअरचं पाणी छळतं. वर्षभरात कुंडीच्या काठाला पांढरा थर बसला, मिठागरासारखा. त्या काठावर टेकलेले देठ नेमके तिथेच सडायचे. आता पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतो, ते संपलं की घरच्या आरओचं. खत म्हणाल तर १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं), लिटरला चिमूटभर, पंधरा दिवसांनी. जास्त घातलं तर मधली पानं आखडतात.

आणि पाणी घालणारं माणूस प्रेमळ असेल (आमच्याकडे वडील) तर वातीची कुंडी करा. तळाच्या भोकातून एक दोरी वर मातीत, दुसरं टोक खालच्या डब्यातल्या पाण्यात. डब्याच्या झाकणावर कुंडी बसवायची, कुंडीचा तळ पाण्याला लागू द्यायचा नाही. झाड लागेल तसं ओढून घेतं. मात्र त्यात निम्मं परलाइट हवंच, नाहीतर माती चिंब राहते.

कंदीपेढा

काका, वात म्हटल्यावर आईची कळी खुलली. तासाभरात देवाच्या कापसाच्या चार वाती वळून तयार! चालतील?

भडंगप्रेमी_सांगली

काकूंना नमस्कार सांगा, पण कापूस नको. महिन्या-दोन महिन्यांत मातीत कुजतो. जुन्या स्वेटरची लोकर उसवा, खरी लोकर नाही, ती बाजारातली ॲक्रिलिकची. आधी ओली करून मग घाला, कोरडी पाणी चढवत नाही. त्या वाती समईलाच राहू द्या.

शेवाळ

आता पांढरीच्या पानांचं. सगळ्यात बाहेरची म्हातारी पानं नको, मधल्या फेरीतली टणक बघून घ्या. देठ इंचभर ठेवून ब्लेडनं तिरका काप. कापलेली जागा आतून तपकिरी दिसली तर आणखी वर कापा, कूज तिथपर्यंत चढलेली असते. ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये देठ खोचा, वर पारदर्शक डबा पालथा घाला. महिन्याभरात मुळं, पिल्लं दिसायला दोन ते तीन महिने. थंडीत उशीर होतो, म्हणून डबा फ्रिजच्या वर ठेवा. तिथे ऊब असते, फक्त उजेड पोहोचतोय एवढं बघा. रोज उकरून बघायचं नाही!

बोन्सायबुवा

माझा सल्ला मागे घेतो. जास्वंदीबद्दल मात्र ठाम आहे.

कंदीपेढा (६ एप्रिल)

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

चार पानं खोचली होती. त्यातली दोन पानं आठवड्याभरात काळी पडली. तिसरं नुसतंच उभं आहे, ना जगतंय ना मरतंय. चौथ्याच्या बुडाशी गेल्या सोमवारी आईला काहीतरी हिरवं दिसलं. मी म्हटलं शेवाळ असेल (ताई, तुम्ही नव्हे). भिंग लावलं तर उंदराच्या कानाएवढी पानं, कडेला लव, मोजून तीन पिल्लं.

दोन्ही जांभळ्या नव्या मातीत, लोकरीच्या वातीवर आणि ट्यूबखाली आहेत. लोंबणारीचे देठ आखूड झाले आणि तिच्या बेचक्यात दोन कळ्या आल्यात, अजून मान वाकवून आहेत. वेटोळीवालीला कळी नाही, पण नवी पाच पानं एकदम स्वच्छ. आई आता सकाळी उरलेलं पाणी कढीपत्त्याला घालते. डब्यातल्या पाण्याची पातळी मात्र दिवसातून तीनदा बघते.

दोन प्रश्न राहिले. पिल्लं वेगळी कधी करायची? आणि आता दुपारी हॉल तापायला लागलाय, पश्चिमेची भिंत आहे, काय करू?

शेवाळ

पिल्लाचं पान रुपयाच्या नाण्याएवढं झालं की वेगळं करा, त्याआधी नाही. तोवर मोठं पान कापू नका, पिल्लं त्याच्यावरच जगतायत. वेगळी केल्यावर आठवडाभर पुन्हा डब्याखाली. पश्चिमेच्या भिंतीपासून कुंड्या लांब घ्या, तीस अंशांच्या वर कळ्या उमलण्याआधीच सुकतात.

भडंगप्रेमी_सांगली

आम्ही परातीत खडे पसरतो, खड्यांच्या खाली राहील इतपत पाणी, वर कुंड्या. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते तेव्हा बरं पडतं. सातारा त्या मानानं गारच, तुमचं निभेल. कळ्या उमलल्या की फोटो टाका, आणि तीनातलं एक पिल्लू सांगलीच्या नावानं राखून ठेवा.

कंदीपेढा

राखलं. आईनं डब्यावर चिठ्ठीसुद्धा चिकटवली, 'सांगली'. बदल्यात भडंग मागितलाय.