स्टेंटलाच औषध आहे, मग वर दोन गोळ्या कशाला?

प्रश्न (मेडिकल दुकानदार, चोपडा)
अँजिओप्लास्टी करून, म्हणजे हृदयाची अरुंद नस फुग्याने उघडून तिथे स्टेंट (धातूच्या तारांची बारीक जाळीदार नळी) बसवून आलेल्यांच्या चिठ्ठीवर अ‍ॅस्पिरिन ७५ आणि जोडीला क्लोपिडोग्रेल ७५ नाहीतर टिकाग्रेलोर ९० असतंच. तीन-चार महिने छातीत दुखलं नाही की घरचे म्हणतात, "दुसरी गोळी राहू द्या, स्टेंटलाच औषध आहे ना!" दात काढायचा असला तर दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद. यांना समजेल असं काय सांगू?

उत्तर (कॅथलॅब तंत्रज्ञ, धुळे)
भाऊ, स्टेंटवरचं सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस रक्त पातळ करत नाही, हे आधी सांगा. फुग्याने नस ताणली की आतून जखम होते. ती भरताना स्नायूपेशी वाढत जातात आणि नस पुन्हा अरुंद होते. बिनऔषधाच्या साध्या स्टेंटमध्ये शंभरातल्या वीस-तीस जणांना हा त्रास व्हायचा. औषध ती वाढ रोखतं, पण त्यापायी तारांवर चढणारं पातळ अस्तरही उशिरा येतं. तोवर धातू रक्तात उघडा असतो. त्यावर प्लेटलेट (रक्त गोठवणारे कण) चिकटून रक्ताची गाठ झाली तर नस एकाएकी बंद पडते. गोळ्या ही गाठ होऊ नये म्हणून आहेत. २००३ च्या सुमारच्या स्टेंटची तार १३०-१४० मायक्रॉन जाड होती, आताच्या बऱ्याच स्टेंटची ६०-८० आहे. अस्तर लवकर येतं म्हणून गोळ्यांची मुदत घटली, संपली नाही.
नस चुन्यासारखी कडक असेल आणि स्टेंट पुरता फुगून भिंतीला टेकला नसेल, तर गाठीचा धोका आणखी वाढतो. हे बाहेरून कोणालाच दिसत नाही, म्हणून "मला बरं वाटतंय" यावर गोळी सोडू नये.

उत्तर (फिजिशियन, जळगाव)
मुदत अशी: हृदयविकाराचा झटका येऊन स्टेंट टाकला असेल तर सहसा १२ महिने, झटका नसताना ६. रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर १ ते ३ महिनेही पुरतात, पण ते स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. पुढे एक गोळी, बहुधा अ‍ॅस्पिरिन, कायम.
एखादा दात दोन्ही गोळ्या चालू ठेवूनच काढतात. टाका घालून बोळा दाबून धरला की रक्त थांबतं. गुडघ्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन मात्र मुदत संपेपर्यंत पुढे ढकलावं.
तुमच्या काउंटरवरचं सांगतो. क्लोपिडोग्रेलसोबत अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल नको, पॅन्टोप्राझोल चालतं. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक परस्पर देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा असते, संध्याकाळची हमखास चुकते. चुकली तर पुढची वेळेवर घ्यावी, दोन एकदम नकोत. तिने काहींना दम लागल्यासारखं होतं. अशा वेळी गोळी बदलून मिळते, म्हणून आधी डॉक्टरांना फोन.

उत्तर (तंत्रज्ञ, धुळे)
एक राहिलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांनी त्या दिवसांत चक्कर येते आणि लोक दोष देऊन सोडतात नेमकी स्टेंटची गोळी. चक्कर आली तर बीपी मोजून घ्यायला लावा. स्टेंटचा आकार आणि तारीख लिहिलेल्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायलाही सांगा.