जनावरांचं औषध विकणाऱ्यालाही दर दोन वर्षांनी शाळेत बसवायचं का?

गोठेवाला_निपाणी
महिन्यापूर्वी आमच्या म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली. एक सड लाल, दुधात गाठी. डॉक्टर दुसऱ्या गावात अडकलेले, म्हणून मेडिकलात गेलो (दुकानाचं नाव घेत नाही). काउंटरवर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. स्वभावानं गुणी हाय. ट्यूब दिली, अँटिबायोटिकची सुई दिली, पैसे घेतले. तिन्ही चांगल्या सडांचं दूध मी रोज डेअरीला घालत राहिलो. आठवड्यानं डॉक्टर आले आणि पहिला प्रश्न केला, "दूध बाजूला काढलंस का?" औषध दुधात उतरतं म्हणून दूध बाजूला काढायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

नियम 2012 पासून आहे. दुधा-मांसाच्या जनावराच्या औषधावर किती दिवस थांबायचं ते छापायचं. तशी मुदत ठरलेली नसेल तर दूध-अंड्यांना किमान 7 दिवस, मांसाला 28 दिवस. छापलेलं असतंय, पण मुंगीच्या अक्षरात आणि इंग्रजीत. ते वाचून सांगणार कोण? भिंतीवर फ्रेममध्ये ज्याचं सर्टिफिकेट लावलंय तो फार्मासिस्ट मी आजवर दुकानात बघितलेला नाही.

खत-कीटकनाशकवाल्यांचं बघा. शेतीची पदवी नसलेल्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेनं 2003 मध्ये 48 आठवड्यांचा 'देसी' डिप्लोमा सुरू केला. सोयाबीनवरच्या अळीसाठी वर्षभर शिकायचं आणि म्हशीच्या सुईसाठी काहीच नाही? माझं मत: जनावरांचं औषध ज्याच्या हातून जातं त्या प्रत्येकाला शिकवा. आणि एकदाच नव्हे, दर दोन वर्षांनी.

काउंटरपल्याड
चिक्कोडी भागात माझं मेडिकल आहे, त्यामुळं हे माझ्यावरच आलं म्हणायचं.

"काहीच नाही" हे चूक. फार्मसी कौन्सिलच्या 2015 च्या नियमांत पाच वर्षांत एकेका दिवसाचे दोन रिफ्रेशर कोर्स आहेतच. मी बसलोय. शुगर, बीपी, टीबी झालं, मधे जेवण, शेवटी फोटो. जनावराचं नाव निघालं नाही. डी. फार्म.च्या दोन वर्षांतही मला म्हैस कुठं भेटली नव्हती. जे येतंय ते कंपनीच्या माणसाकडून आणि गिऱ्हाइकाकडून.

बरं, शिकलो समजा. पुढं काय? तात्या रिकामी बाटली घेऊन येतात, "हेच दे" म्हणतात. चिठ्ठी मागितली तर म्हणतात, "म्हैस मेल्यावर आणू काय चिठ्ठी?" मी नाही दिलं तर गाडीला किक मारून गडहिंग्लजला जातात. औषधांचा कायदा केंद्राचा, सीमेच्या अलीकडं-पलीकडं तोच. पण गिऱ्हाईक माझं जातंय.

टिळकवाडीची_माऊ
मी शेतकरी नाही, माझ्याकडे दोन मांजरं आहेत. पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब मागितले, दुकानदाराने कुत्र्याचे दिले. "एकच असतंय, अर्धं टाका." त्यात परमेथ्रिन होतं. ते कुत्र्याला चालतं, मांजराला विष. रात्रभर थरथरत होती. वाचली, पण कशी ते विचारू नका. यासाठी 48 आठवडे लागत नाहीत हो. एका वाक्याचं ज्ञान. तेच त्याला कधी कुणी दिलं नव्हतं.

निवृत्त_पशुवैद्य_अथणी
लोकप्रिय मत नाही, तरी लिहितो. माझा विरोध आहे.

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक घ्या. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड जातं. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं. मग झालं काय? माणसांसाठीची 30 मिलिची बाटली जनावरांना सुरू झाली. विकणाऱ्याला बंदी ठाऊक होती, पळवाटही ठाऊक होती. शेवटी 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनच 3 मिलिच्या एका डोसापुरतं केलं, तेव्हा कुठं गाडं थोडं वळलं. अडलं होतं ते नफ्यापाशी, आणि नफ्यावर वर्ग घेता येत नाही.

दुसरं, अर्धवट शिकवलेला दुकानदार जास्त धोक्याचा. सर्टिफिकेट मिळालं की महिन्याभरात थर्मामीटर घेऊन गोठ्यात हजर. 1984 च्या कायद्यानं उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानं करायचे, किरकोळ सेवा इतरांनी आमच्या देखरेखीखाली. आधी डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरा.

गोठेवाला_निपाणी
डॉक्टरसाहेब, मान राखून विचारतो. 2019 मध्ये दूध-मांस-अंडी देणाऱ्या जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद झालं, 2023 च्या जुलैत किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक ही वेदनाशामकं, नंतर निमेसुलाइडही. हे त्या पोराला कोण सांगणार? यादी दर काही वर्षांनी बदलते, म्हणूनच मी "एकदाच नव्हे" म्हणालो. जागा भरायची वाट बघत बसलो तर माझी नातवंडं धार काढायला लागतील.

ब्रिटनमध्ये पशुवैद्य आणि फार्मासिस्ट यांच्याशिवाय तिसरा नोंदणीकृत वर्ग आहे. परीक्षा देऊन जंतनाशक, गोचीडनाशक अशी ठरावीक औषधंच द्यायची, आणि नोंदणी टिकवायला शिकत राहून गुण मिळवायचे. सुई टोचायला ते जात नाहीत. मर्यादा आखूनही शिकवता येतंय की.

खानापूरचा_भाऊ
शिकवणार कुठल्या भाषेत ते आधी ठरवा. मागं एका शिबिराला गेलो होतो, सगळं कन्नडात. माझं कन्नड बाजारापुरतं. "हालु" कळलं, पुढचं डोक्यावरून. शेजारी बसलेल्या कन्नड पोरालाही निम्मं कळलं नाही, कारण औषधांची नावं इंग्रजीत.

काउंटरपल्याड
भाऊ, सीमाप्रश्न म्हशीच्या पाठीवर घालू नका.

खानापूरचा_भाऊ
घालत नाही की! जंताचंच बघा. पहिल्या औषधानं गुण आला नाही म्हणून बदलून आणलं. आधी फेनबेंडाझोल, मग अल्बेंडाझोल. बाटलीचा रंग बदलला, घराणं एकच. गाभण जनावराला सुरुवातीच्या महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात हेही नंतर कळलं. हे मराठीत आणि कन्नडात एका कागदावर मावतंय. आणि मार्च 2025 मध्ये केंद्रानं 'पशु औषधी' मंजूर केलंय, सहकारी संस्थांतूनही स्वस्त जेनेरिक मिळणार. म्हणजे उद्या आमच्या डेअरीचा सेक्रेटरी फॅट बघता बघता गोळ्याही देणार. त्याला कुठल्या वर्गात बसवताय?

निवृत्त_पशुवैद्य_अथणी
हा मुद्दा मात्र बिनतोड. सेक्रेटरीचा विचार मी केला नव्हता. त्याला शिकवायला माझा विरोध नाही. निदान त्याला रोगाचं नाव स्वतः ठेवू नकोस एवढं तरी शिकवा.

काउंटरपल्याड
गोठेवाल्यांना एकच विचारतो. त्या पोरानं "सात दिवस दूध घालू नका" म्हटलं असतं, तर थांबला असता?

गोठेवाला_निपाणी
म्हैस रोज नऊ लिटर देते. सात दिवसांचे 63 लिटर. खरं सांगतो, तीन-चार दिवस ओतून दिलं असतं. पुढं बायकोनं आणि मी एकमेकांकडं बघितलं असतं आणि कॅन डेअरीला गेला असता. पण घरात नातीला ते दूध दिलं नसतं. आता तर तेही दिलं.

टिळकवाडीची_माऊ
आणि ते डेअरीचं दूध आमच्याकडे पिशवीतून येतं. धन्यवाद.

काउंटरपल्याड
खरं बोलला, म्हणून मीही बोलतो. परवापासून प्रत्येक बाटलीवर स्केच पेननं "दूध अमुक तारखेपर्यंत नको" असं लिहून देतोय. दोन गिऱ्हाइकं चिडली, एकानं बाटली परत केली. काउंटरवरच्या पोरालाही शिकवायला तयार आहे. फक्त तो कोर्सला गेला की त्या दिवशी दुकानात कोण उभं राहणार ते ठरवा. सर्टिफिकेटवाला फार्मासिस्ट माझ्या दुकानात मी स्वतःच आहे, आणि गुरुवारी मला मालाला बेळगावला जावं लागतंय.