कारखान्यात पाळणाघर मागायचंय, अर्ज कुठं करायचा?

ताई-दादांनो, मदत हवी आहे. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत गणवेश शिवायच्या कारखान्यात मशिनीवर आहे. मुलगी दीड वर्षाची. सासूबाई घरी विड्या वळतात. तंबाखूच्या सुपाशेजारी लेकराला दिवसभर ठेवायला जीव धजत नाही, म्हणून शेजारच्या काकूंकडे सोडते. त्यांना महिन्याला 1500 रुपये जातात.

गेल्या मंगळवारी तिला ताप होता. औषध पाजून निघेपर्यंत दहा मिनिटं उशीर झाला, तर अर्धा खाडा मांडला. आणि संध्याकाळी ऑर्डरसाठी अर्धा तास जास्त थांबवतात, तो कुठंच मांडत नाहीत! हे फार लागलं मनाला.

प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. 50 किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडे जाऊ द्यायला हवं, असं त्यात होतं. आता हाच नियम 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. 50 मध्ये पुरुष कामगारही धरतात. आमच्या छताखाली 70 जण आहेत, पण हजेरीपुस्तकं दोन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांची. मग मोजणी एकत्र होते का? अर्ज आधी मालकाला द्यायचा की थेट सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात? नाव उघड न होता तक्रार घेतात का? एकटी पुढं झाले तर माझ्या मशिनीवर उद्या दुसरी बसेल, ही भीती आहे.

आम्ही सहा जणी सही करायला तयार आहोत. कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर कसा लिहिला ते सांगा.